साडेसातशे फुटाचं घर

टाळी म्या पन वाजवली. हे आधीच सांगून टाकते, म्हंजे उद्या कुनी म्हनाया नको की कमलबाई सोताचं ठेवती झाकून आन दुसऱ्याचं बघती वाकून. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत दिग्विजयदादानं शाळेला सव्वा लाख रुपये जाहीर केले, तवा बायकांच्या बाजूनं पहिले हात माझेच उठले. आता त्याच हातांनी कपाळ बडवून घ्यायची पाळी आली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. बारा वर्सं झाली. शाळा सातवीपत्तर हाय. माझी नात शिवांजली सातवीत. तिची आई निकिता, माझी सून. लेक पुन्याला टेम्पो चालवतो, महिन्यातनं एखाद्या वेळी तोंड दाखवतो. म्हंजे घरात आमी तिघी बायकाच, आन आमच्या दोघींचा जीव त्या एका पोरीत. ती शिकून काय व्हनार मला ठाव न्हाय, पन माझ्यावानी दुसऱ्याच्या पोरांच्या ताटल्या मोजत बसू नये, एवढंच माझं मागनं.

जूनमधी शाळा उघडली ती बोअरची मोटर जळलेलीच. पानी न्हाय म्हनून पोरींच्या संडासाला हेडसरांनी कुलूप घातलं. पोरं भिंतीमागं जात्यात, त्यांचं काय अडतंय? पोरी अडोतीस. त्यांनी कुठं जावं? त्यांनी पानी प्यायचंच सोडलं. सकाळी साडेनऊला निघालेली पोर संध्याकाळी पाचला घरी येईस्तवर घोटभर पानी पीत नव्हती. माझ्या हातनं खिचडीत जरा तिखट जास्त पडलं तर तोंड उघडून हा-हा करायच्या, पन मी घरनं भरून आनलेल्या पान्याच्या हंड्याकडं कुनी जायचं न्हाय. मी रोज बघायची आन आतल्या आत जळायची.

जुलैत शिवांजलीला ताप भरला. लघवीला जळजळ, कंबर धरून रडायची. जीपनं लोहाऱ्याला नेली. डॉक्टरनं सलाईन लावलं आन आमालाच झापलं, की पोरीला पानी पाजत न्हाय का तुमी? काय सांगावं त्या बाबाला? परत येताना जीपमधीच निकितानं ठरवून टाकलं. शिकली तेवढी बास झाली, म्हनाली, घरी बसू दे. निकिताचं काय चुकलं? आईच ती. पन घरी बसलेल्या पोरीकडं पुस्तकं येत न्हाईत बरं का, पावने येत्यात. दोन वर्सांत हिला कुनीतरी बघून जानार, हे मला जीपमधीच दिसाया लागलं.

दुसऱ्या दिवशी शिवांजलीला घेऊन मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक शिवशंकर, त्याला सगळे भाऊसाहेब म्हनतात. म्हनलं, भाऊसाहेब, मोटर कवा बसवता? त्यानं मोबाईलवरनं डोळे न काढता सांगितलं, की पैसा नाही. शाळेची मोटर, खांबावरचे दिवे, गटार, नळ, सगळं घरपट्टीतून होतं, आणि गावात घरपट्टी कोणी भरत नाही. वर मलाच इचारतो, तुमची भरली का?

आता माझं टाळकं फिरलं. माझी भरलेली होती, आन ती याच माणसानं भरून घेतलेली. जूनमधी शिवांजलीच्या शिष्यवृत्तीला रहिवासी दाखला पाहिजे होता. आधी घरपट्टी, मंग दाखला, असा हितला दस्तूर. गरिबाला दर वर्साला कसला ना कसला दाखला लागतोच, म्हनून गरिबाची घरपट्टी बरोबर वसूल व्हती. ज्याला दाखलाच लागत न्हाय त्याच्या दारात जायला यांचे पाय दुखतात. म्या म्हनलं, कुनी किती भरली ते मला बघायचंय, रजिस्टर काढा. लई कुरकुर केली त्यानं, पन काढलं. मी पडले चौथी पास. वाचलं शिवांजलीनं, बोट ठेवून.

कमलबाई, घर अडीचशे फूट, पत्र्याचं वाढीव बांधकाम, घरपट्टी पाचशे ऐंशी.

आन चार पानं उलटल्यावर दिग्विजय बलभीम, भूकंप पुनर्वसन घर, साडेसातशे फूट, घरपट्टी चारशे दहा.

परत वाच म्हनलं. पोरीनं परत वाचलं.

हे जरा उलगडून सांगावं लागंल. आमचं जुनं गाव भूकंपात बसलं. ही नवी वस्ती सरकारनं बांधून दिलेली. ज्याची जमीन कमी त्याला अडीचशे फुटाचं घर, मधल्याला चारशेचं, आन ज्याच्याकडं ढीगभर रान त्याला साडेसातशेचं. तवा कुनाला काय बोलायची ताकद नव्हती, डोक्यावर छप्पर आलं हेच लई. आमाला अडीचशेचं मिळालं. दिग्विजयच्या बापाला, बलभीमअण्णाला, साडेसातशेचं. अण्णा गेले. आठ वर्सांमागं दिग्विजयनं ते घर पाडून तिथं तीन मजली बंगला उभा केला. खाली चकचकीत फरशी, वर काचा, गच्चीवर सिंह. सिंह बरं का! दोन! आन रजिस्टरात अजून भूकंपाचंच घर. म्या म्हातारपनी वल्यात बसून भाकरी थापायला नको म्हनून पत्र्याचं सैपाकघर आन मोरी काढली, तर ते नवीन बांधकाम ठरलं. त्यो सिंह बसवतो, ते कुनाच्या डोळ्यात खुपंना. ज्या भूकंपानं गावची मानसं खाल्ली, त्याच्या नावाखाली हा घरपट्टी चुकवतो. शरम न्हाय वाटत? न्हाय वाटत. वाटली असती तर सिंह कशाला बसवले असते.

तर पंधरा ऑगस्टला झेंडा झाल्यावर शाळेच्या मैदानातच ग्रामसभा भरली. मी उठले. दोन गोष्टी इचारल्या. पोरींच्या संडासाला पानी कवा येनार, आन दादांचा बंगला रजिस्टरात साडेसातशे फुटाचं घर कसा काय? मानसं खाली बघाया लागली. सरपंच घसा खाकरायला लागला. दिग्विजय दोन येळा सरपंच झालेला मानूस, आत्ताचा सरपंच त्याच्याच बोटाला धरून चालतो.

आन दिग्विजय उठला. मला वाटलं आता खेकसतो. त्यानं हात जोडले. काकू, म्हनाला, तुमचं बरोबर आहे. गावच्या लेकी त्या माझ्याच लेकी. हा विषय इथंच संपवू. मोटर, पाईप, टाकी, संडासाची दुरुस्ती, सगळं मी माझ्या खिशातून करतो, सव्वा लाख रुपये, अण्णांच्या स्मरणार्थ.

आन म्या टाळी वाजवली.

काय करू? माझ्या डोळ्यापुढं शिवांजली व्हती, सलाईन लावलेली. पानी येनार एवढंच कानावर पडलं. इचारलेल्या दोन गोष्टींपैकी दुसरी त्या टाळ्यांत वाहून गेली, आन वाहवली कुनी, तर मीच. भाऊसाहेबानं ठरावात लिहिलं की दानशूर दिग्विजय यांचे अभिनंदन.

खोटं कशाला बोलू, चार महिने बरे गेले. महिन्याभरात काम झालं. भिंतीवर संगमरवरी पाटी बसली, बलभीमअण्णांच्या नावाची, हात हात लांब. मोटरीला वीज मातुर पंचायतीनं दिली न्हाय, बिल कोन भरनार म्हनून. दिग्विजयनं मोठ्या मनानं आपल्या बंगल्यावरनं वायर ओढून दिली. हेडसर म्हनले, बघा, वीजसुद्धा देतात! निकितानं हट्ट सोडला. शिवांजली परत शाळेत गेली, चाचणीत दुसरी आली.

डिसेंबरात घरपट्टीची नवी आकारनी निघाली. दर चार वर्सांनी घरं परत मोजत्यात. पंचायतीचा शिपाई गोरोबा टेप घेऊन माझ्या दारात आला. सैपाकघर मोजलं, मोरी मोजली, तुळशीचा कट्टासुदिक मोजून बघितला आन मंग सोडला. म्या इचारलं, बंगला मोजलास का रं? गोरोबा गरीब मानूस, खरं बोलून गेला. दादांनी शाळेला एवढं दिलंय, भाऊसाहेब म्हनले, तिथं काय टेप लावायचा. गेटातूनच नोंद घेतली, आहे तेच लिहिलं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात पिरकाश पडला, पन लई उशिरा. आठ वर्सं या मानसानं शाळेच्या वाटनीचं पानी आपल्या टाकीत सोडलं. मंग त्यातलाच एक हंडा शाळेत आनून वतला, आन गावानं त्याला हार घातला. मी पाचशे ऐंशी भरते तर माझं नाव कुठल्या भिंतीवर हाय? न्हाय, आन नको बी. मी भरते ती भरायचीच असती म्हनून भरते. त्यानं भरायची ती भरली न्हाय, आन जे दिलं त्याचा उपकार झाला. चोराला सोडून संन्याशाला सुळी म्हनतात, इथं तर चोराला शाल आन नारळ.

आकारनीची यादी पंचायतीच्या भिंतीला लागली. हरकत असंल तर तीस दिवसांत लेखी द्या, असं खाली लिहिलेलं. म्या दिली. शिवांजलीनं सुवाच्य अक्षरात लिहिली, म्या सही ठोकली. दिग्विजय यांचे घर साडेसातशे फूट नसून तीन मजली बंगला आहे, तरी प्रत्यक्ष मोजून घरपट्टी लावावी. पोच घेतल्याबिगर मी हालले न्हाय.

तिसऱ्या दिवशी मोटर गप.

बघितलं तर बंगल्यावरनं येनारी वायर गुंडाळून गेटाला टांगलेली. भांडन न्हाय, शिवी न्हाय, काय न्हाय. इचारायला गेलेल्या हेडसरांना म्हने सांगितलं, दुरुस्ती चाललीय. संडासाला परत कुलूप लागलं.

हेडसर, गुरुप्रसाद त्यांचं नाव, मानूस वाईट न्हाय. पन मऊ. सांच्याला घरी आले. सव्वीस जानेवारीला दादांचा सत्कार ठेवलाय, म्हनले. ताट तुम्ही धरा, आभाराचं भाषण शिवांजली करेल, आणि हा कागद. हरकत मागं घेतल्याचा कागद त्यांनी लिहूनच आनला व्हता. माझी सही झाली की त्याच दिवशी वायर जोडून देतो, असं दादा म्हनल्याचं सांगितलं. त्यांना माझ्याकडं बघवत नव्हतं. निकिता मातुर बघत व्हती. हेडसर गेल्यावर म्हनाली, आत्या, सही करा. तुमच्या रजिस्टरापायी माझ्या लेकराला परत सलाईन लावायचंय का? म्या सही केली न्हाय, तर तिनं तीन दिवस माझ्याशी बोलनं टाकलं.

सही करावी असं माझ्याबी मनात येत व्हतं. तत्त्वाला काय चाटायचंय? पोर महत्त्वाची का फूट? पंचवीस तारखेला सकाळी मी शिवांजलीची येनी घालत बसले व्हते. निकिता चुलीपुढं. पोरगी आपली सहज बोलावं तशी बोलली.

"आजी, तू सही करू नको. मला जमतंय आता. सकाळपासून पानी प्यायचंच न्हाय, रात्रीबी थोडंच प्यायचं, मंग काय व्हत न्हाय."

माझे हात थांबले. तेरा वर्सांची पोर मला तहान मारायची युक्ती सांगत व्हती! ज्या गावात पाऊस पडला का न्हाय पडला तरी दारात आलेल्याला आधी तांब्या देत्यात, त्या गावातली पोर शाळा शिकायसाठी तहान मारती, कशापायी? तर एका मानसानं चारशे दहाच रुपये भरावेत म्हनून. मला रडू न्हाय आलं. मला असा संताप आला की येनी वाकडी घातली गेली. चुलीपुढं निकिताची भाकरी करपली, तिनं उचलली न्हाय.

सव्वीसला झेंडा झाला. सगळं गाव मैदानात. हेडसरांचा कागद माझ्या कमरेला, सही न केलेला. काय करनार ते मलाच पक्कं ठाव नव्हतं. हातात ताट दिलं, त्यात शाल, नारळ, फेटा. आधी पंचायतीचं कामकाज उरकू म्हनून भाऊसाहेबानं माईक घेतला. एक हरकत आली होती, ती अर्जदारानं मागं घेतली आहे, असं म्हनून माझ्याकडं बघितलं. कमलबाई, बरोबर ना?

"न्हाय," म्या म्हनलं. "मागं घेतली न्हाय."

भाऊसाहेबानं दिग्विजयकडं बघितलं. दिग्विजयनं हसत माईक घेतला. इतक्या दिवसांत त्याच्या तोंडातनं साखरच पडत व्हती, पन डोक्यावर फेटा चढायच्या टायमाला कुनी आडवं आलं की मानूस उघडा पडतो.

"काकू, एकदा काय ते ठरवा. पाणी पाहिजे का टेप पाहिजे?"

दोन-चार गडी हसले. बायका हसल्या न्हाईत. अडोतीस पोरींच्या आया व्हत्या तिथं, त्यांनी ते कानानं ऐकलं. वायर दुरुस्तीला गेली नव्हती, हे त्यानं माईकवरनं सांगितलं व्हतं.

आजपत्तर मी त्याला दादा आन तुमी म्हनत आलेली. त्या दिवशी माझ्या जिभंला ते जमंना.

"दिग्विजय, तुझ्या मनात आलं तवा तू पानी दिलंस, मनात आलं तवा तोडलंस. ज्याची त्यानं घरपट्टी भरली असती तर शाळेचं पानी तुझ्या मनावर राहिलं नसतं. मला तुझी देनगी नको. तुझा बंगला मोज."

हातात ताट घेऊन मी खुळ्यावानी उभी. आता हे सगळे मला गप बसवनार, हेडसर हात धरून बाजूला नेनार, असं वाटलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं निकिता उठली. डोईवरचा पदर नीट केला. टेबलावर पंचायतीच्या कागदांसंगं गोरोबाचा टेप पडला व्हता तो उचलला आन माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तीन दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"आत्या, ताट खाली ठेवा. हे टोक धरा."

म्या ताट ठेवलं. शाल धुळीत पडली, पडू दिली. एवढ्या लोकांपुढं दिग्विजय न्हाय कसा म्हननार? मोजा की, म्हनाला, मला काय लपवायचंय. पन तोंड पडलेलं. आमी निघालो, मागं गावच्या बाया, मधी रजिस्टर काखेत मारलेला भाऊसाहेब. सरपंचाला येकायेकी फोन आला.

बंगल्याची नुसती पुढची भिंतच टेपात मावंना. निकितानं टेप संपला तिथं वीट ठेवली आन पुढं मोजाया लागली. खालचा मजला झाला, जिना झाला, वरचे दोन झाले. तिसऱ्या मजल्यावरच्या खोल्यांना तर कुलूपं, कुनी राहतच न्हाय. घरात मानसं तीन, दिग्विजय, त्याची बायको आन आई. पोरं सोलापुरात शिकत्यात, मोठ्या फीच्या शाळेत. भाऊसाहेब आकडे लिहीत व्हता, कपाळाचा घाम पुशीत.

रजिस्टरात एक रकाना शौचालयाचा असतो. भाऊसाहेबानं तिथं 'आहे' असं लिहिलं आन पान उलटाया लागला. निकितानं पानावर हात ठेवला. किती हायत ते लिहा, म्हनाली. भाऊसाहेब म्हनाला, रकान्यात आकडा नसतो. मंग शेजारी लिहा, म्हनाली. तिनं मोजले व्हते. पाच. तीन मानसांना पाच, आन पाचांत बी नळाला पानी.

बायांतल्या एकीनं जाता जाता नळ उघडून बघितला आन परत बंद केला.

म्या भाऊसाहेबाला इचारलं, शाळेची इमारत पन या रजिस्टरात असंल ना? हाय, म्हनाला, पन शाळेला घरपट्टी माफ असते. माफ असू दे, म्हनलं, पान काढ. त्यानं काढलं. शौचालय, इचारलं, काय लिहिलंय? त्यानं खाली बघत वाचलं, आहे.

"खोड ते," म्या म्हनलं. "न्हाय लिही."

त्यो पेन धरून तसाच उभा राहिला. मी बी उभी राहिले, निकिता बी. मंग त्यानं खोडलं.